खालचा जोड

—नाही नाही, तिथे नका उभ्या राहू मॅडम. झाकणाच्या समोर कधी उभं राहायचं नसतं. इकडे या, बाजूला. हां. बोल्ट नवे आहेत, मी स्वतः आवळलेत, तरीपण नाही. टाकीत दाब असताना झाकणासमोर मी माझ्या सख्ख्या भावालासुद्धा उभं करणार नाही — म्हणजे भावाला कदाचित करीन, आमचं पटत नाही — पण तुम्हाला नाही. बसा ना. ही खुर्ची तुमच्यासाठीच तर आत्ता ऑफिसातून उचलून आणली. नको? उभ्याच राहणार? बरं. आजवर टेस्ट बघायला जे जे साहेब आले, ते दाबाच्या घड्याळाची सुई पंधरावर गेली की ऑफिसात पंख्याखाली जाऊन बसायचे आणि तासाभरानं येऊन सही ठोकायचे. तुम्ही उभ्या राहताय. राहा, माझं काही म्हणणं नाही. पण का उभ्या राहताय, एवढंच आपलं मनात येतं.

मनात येणारच हो, स्वभावच तसा. इथे मला दुर्बीण म्हणतात. तोंडावर ‘काका’, आणि पाठ वळली की ‘दुर्बीण आली रे, कामाला लागा’. मला ऐकू येत नाही असं वाटतं त्यांना! एकतीस वर्षं टाक्या तपासतोय मी, माझे कान पंपाच्या आवाजात तयार झालेत. आणि टेस्टवाल्याचं काम तरी काय, सांगा? विश्वास न ठेवणं. वेल्डर म्हणतो जोड पक्का, फिटर म्हणतो पक्का, मालक म्हणतो गाडी दारात उभी आहे, आटपा — मी म्हणतो, पाणी भरा. काठोकाठ भरा, वरच्या भोकातून बुडबुडा यायचा थांबेपर्यंत. आत हवा राहिली आणि टाकी फुटली तर बॉम्ब फुटल्यासारखी फुटते, पाणी असलं तर फार तर चिळकांडी उडते, कपडे बदलायचे आणि घरी जायचं. मग पंप मारायचा. ही टाकी चालणार दहा किलोच्या दाबावर, आपण तिला नेतो पंधरावर आणि तिथेच तासभर ठेवतो. सुई जागेवर राहिली तर टाकी पास. घसरली तर कुठून तरी पाणी जातंय. आणि पाणी दाबता येत नाही, त्यामुळे नुसतं तांब्याभर जरी बाहेर गेलं ना, तरी सुई लगेच चुगली करते. मला आवडतं ते. माणसांचं असं असतं तर — जाऊ दे. नऊ दहाला पंधरा, लिहिलंत ना तुम्ही? मी पण लिहिलंय. दोघांनी लिहिलेलं बरं.

एक विचारू? रागावणार नसाल तर. सकाळी फाटकातून आत आल्या आल्या तुम्ही वेल्डरांची परवान्याची कार्डं मागितलीत. चहा विचारला तर नको, पाणी विचारलं तर नको, आणि कार्डं दाखवा! या कारखान्यात एकतीस वर्षांत कुणी कार्डं मागितली नव्हती. ती शोधायला मालकाला तीन कपाटं उपसावी लागली, कपाळावर घाम बघितलात ना त्याच्या? म्हणून म्हटलं, कुणी पत्र-बित्र लिहिलंय का? निनावी? नाही, सांगू नका, तुम्ही सांगणार नाहीच, पण तुमच्या तोंडाकडे बघून मला कळेल. …नाही कळलं. तुम्ही माझ्यावर ताण आहात. पण आमच्याकडे दोनच वेल्डर, आणि ही टाकी ज्यानं जोडली त्याचंच कार्ड तुम्ही उजेडाकडे धरून दोनदा बघितलंत, हे मी बघितलं. काय होतं त्यात एवढं? फोटोत जरा जाड दिसतो, बस. माणूस कामाला वाघ आहे आणि डोळे म्हणाल तर ठणठणीत, माझ्याहून—

काय? नाही, खरंय. डोळ्यांचं तुम्ही काही म्हणालाच नव्हता. कार्ड मागितलंत, नुसतं. मीच बोललो. आता वेल्डर म्हटलं की डोळे आलेच ना हो ओघात, न्हावी म्हटलं की वस्तरा येतो तसे! …बघा, बघा कशा बघताय. चोराच्या मनात चांदणं, असंच म्हणत असाल मनात. म्हणा. तुम्ही ते वहीत काय लिहिलंत आत्ता? वेळ? वेळ लिहिलीत? दाखवा बरं. …बरं, वेळच आहे.

ठीक आहे. तुम्हाला आज ना उद्या कळणारच, आणि इथे प्रत्येकाच्या खिशात तिखटमीठ तयार आहे. त्यापेक्षा माझ्याकडून ऐका. तो वेल्डर माझा जावई आहे. तो काय, तिकडे, टाकीच्या पलीकडे, पोतं घेऊन फरशी पुसतोय तो. वेल्डर असून फरशी पुसतोय, बघा, कामाची लाज नाही. माझ्या थोरलीचा नवरा. आणि खरं सांगू, पहिल्या दिवसापासून मला त्याचा संशय होता. कशाचा ते माहीत नव्हतं, पण होता. इतका गोड बोलणारा माणूस, कधी आवाज चढवत नाही, लेकीच्या हातचं काहीही चवीनं खातो — आणि आमच्या थोरलीचा हात मला माहीत आहे हो! — म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. आठ वर्षं वाट बघितली, काही सापडेना. आणि मग एक दिवस लेक बोलता बोलता म्हणाली, बाबा, ह्यांना हल्ली दर गुरुवारी ओव्हरटाइम असतो. ओव्हरटाइम! या कारखान्यात वर्षभरात कुणाला ओव्हरटाइम मिळालेला नाही, मला माहीत नाही का? मी तिला काही बोललो नाही. हो, म्हटलं, काम वाढलंय. आणि पुढच्या गुरुवारी निघालो त्याच्या मागे.

हसू नका. दोन बस बदलल्या. तो पुढच्या दारानं, मी मागच्या. तोंडासमोर पेपर धरला होता, एका बाईनं मला सांगितलं की तो उलटा धरलाय. तो उतरला, मी उतरलो. तीन मजल्यांची इमारत, जिना चढताना हा कठडा धरून धरून चढतोय, एकेक पायरी पायानं चाचपत. मी मनात म्हटलं, वा रे वा, घाबरतोस होय! वर कोण असेल, तिला काय काय ऐकवायचं, सगळं ठरवत चढलो मी. दमलो पण. आणि वर बघतो तर डोळ्यांचा दवाखाना. बाकावर दहा-बारा जण बसलेले, त्यांत हा, डोळ्यांत औषध घातलेलं. मी दारातच उभा, त्याच्यापासून तीन पावलांवर. लपायलासुद्धा जागा नाही. त्यानं मान वर केली, सरळ माझ्याकडे बघितलं. आता काय बोलायचं? आणि तो मला म्हणतो — ‘भाऊ, माझा नंबर आला का हो?’

भाऊ! आठ वर्षं बाबा म्हणतोय तो मला. मी आवाज बदलून म्हटलं, ‘अजून दोघं आहेत.’ ‘बरं भाऊ,’ म्हणाला, आणि परत भिंतीकडे बघत बसला. औषधानं धूसर दिसतं थोडा वेळ, माहीत आहे मला. पण त्याची फाइल शेजारी बाकावर उघडीच पडली होती, आणि मला वाचता येतं. उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध डाग. म्हणजे जिथे बघायचं नेमकं तिथेच काही नाही, आजूबाजूचं तेवढं दिसतं. डावा त्याच वाटेवर. जिना उतरताना कठडा मीसुद्धा धरला, मॅडम. एवढा वाईट दिवस माझ्या वाट्याला आला नव्हता. अहो, दुसरी बाई निघाली असती तर मी भांडलो असतो, मला भांडता येतं. याचं काय करायचं असतं?

कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. लेकीला नाही, मालकाला नाही, त्यालाही नाही. सांगून काय झालं असतं? त्या दिवशीच त्याच्या हातातून वेल्डिंगचं हँडल काढून घेतलं असतं. आणि दुसरं काय येतं त्याला? चौदा वर्षांचा होता तेव्हापासून हेच करतोय. त्याचा जोड बघा तुम्ही, हा, वरचा — बोट फिरवा, फिरवा ना. कसा एकसारखा आहे? डोळे गेले तरी हात कुठे जातो, त्याच्या हाताला पाठ आहे सगळं. मग मी ठरवलं, त्यानं जोडावं आणि मी तपासावं. माझे डोळे आहेत ना अजून! दुसऱ्या वेल्डरचा जोड मी एकदा बघतो, याचा तीनदा बघतो. कोरड्या फडक्यानं पुसायचा, बोट फिरवायचं, परत पुसायचा. सहा महिन्यांत सात टाक्या गेल्या त्याच्या हातून. साती पास. मी पास केल्या म्हणून नाही हो — झाल्याच पास! मी कुणाला भीक घालत नाही. ही टाकी कुठे जाणार, माहीत आहे? कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात, वाफेसाठी. मी जाऊन जागा बघून आलो. ते माझं काम नाही, पण गेलो. टाकीपासून चार हातांवर बायका चादरींच्या घड्या घालत असतात. सोळा बायका मोजल्या. एक गरोदर होती. त्या बायकांच्या शेजारी मी गळकी टाकी ठेवीन? घरी जाऊन लेकीला तोंड कसं दाखवीन मी?

खालचा? खालचा जोड काय? बघितलाय की. म्हणजे — बघितला गेलाय. हे बघा, टाकी दोन पायांवर बसलीय, पोटाखाली जागा हातभर. तिथे पाठीवर झोपून सरकत जावं लागतं, आणि माझे गुडघे गेलेत, खाली बसलो तर उठवायला दोन माणसं लागतात. म्हणून दुसऱ्याला पाठवावं लागतं. टॉर्च घेऊन तो आत सरकतो, बघतो, ओरडून सांगतो. पाठवलं ना. …त्यालाच. जावयालाच. आतून ओरडला, ‘कोरडं आहे, बाबा.’ मी लिहिलं, कोरडं.

असं बघू नका माझ्याकडे. कळतंय मला. ज्याला दिसत नाही त्याला बघायला पाठवलं, असंच ना? पण ऐका तर. नेहमी तोच जातो आत, आठ वर्षं तोच जातोय. आज एकदम मी दुसऱ्याला हाक मारली असती तर त्यानं काय ओळखायचं ते ओळखलं असतं. सहा महिने मी त्याला कळू दिलं नाही की मला माहीत आहे. समोरासमोर बसून जेवतो आम्ही. तो हातानं चाचपून पाण्याचा पेला शोधतो आणि मी पेपरात तोंड घालतो. हे सगळं एका हाकेत गेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची — आपलेच दात, आपलेच ओठ, मॅडम, तुम्हाला मूल-बाळ असेल तर कळेल. आणि मी काय डोळे मिटून नाही पाठवलं त्याला! सुई आहे ना. खाली त्याला नाही दिसलं, मला नाही वाकता आलं, तरी सुईला तर दिसतंय? खालून घामाएवढं जरी पाणी सुटलं असतं तरी ती घसरली असती. बघा. पंधरा. नऊ दहाला पंधरा, आता दहाला दहा कमी, पंधरा. केसभर नाही हलली. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आणि सुईला फसवायचा प्रयत्न करणारे मी पाहिलेत हं, मला शिकवू नका. पूर्वी एका ठिकाणी होतो, तिथला टेस्टवाला मोठा बेरकी. सुईच्या घड्याळाखाली ही छोटी चावी असते बघा, गोल मुठीची. सुई पंधरावर गेली की हळूच ही चावी बंद करायचा. झालं! टाकीचा आणि सुईचा संबंध तुटला. घड्याळात दाब अडकून राहतो, सुई पंधरावर गप्प, मग टाकी गळो, वाहो, काहीही होवो. आणि मूठ गोल, त्यामुळे उघडी की बंद, नुसतं बघून देवालासुद्धा कळायचं नाही. सगळे साहेब फसले. मी नाही फसलो. कसं पकडलं सांगू? उन्हावरून! साधी गोष्ट आहे. टाकीवर ऊन आलं की पत्रा तापतो, पाणी तापतं, आणि सुई हलते. आधी जराशी खाली जाईल, मग वर चढेल, पण उन्हात तासभर टाकी ठेवली आणि सुई हललीच नाही, असं होतच नाही. चांगली टाकीसुद्धा हलते. मी त्याला म्हटलं, बाबा रे, अर्धा तास झाला ऊन आहे, आणि तुझी सुई कशी काय—

…

…हे ऊन कधी आलं टाकीवर? तुम्ही बघितलंत? मघाशी दारात होतं. तुम्ही आलात तेव्हा उंबऱ्याशी होतं. हात लावा जरा पत्र्याला. लावा. …गरम आहे ना. चांगलाच गरम आहे.

मॅडम, तुम्ही चहा नाही घेतलात सकाळपासून. ऑफिसात ताजा झाला असेल आता. घेऊन या ना, मी आहे इथे, अजून वेळ आहे भरपूर, पंधरा मिनिटं. पंखा आहे तिकडे. …नको. नकोच म्हणणार तुम्ही.

मालकानं बंद केली असेल चावी. त्याला गाडीची घाई असते. नाही, मालक सकाळपासून कपाटात होता तुमच्या त्या कार्डांपायी. पंपवाला — पंपवाला आज रजेवर आहे, पंप मीच मारला. दुसरा वेल्डर अजून आलेलाच नाही, फिटर सकाळपासून पलीकडच्या शेडमध्ये. नऊ दहाला तुम्ही आकडा लिहिलात, मग पाटीवरचा नंबर उतरवायला त्या टोकाला गेलात, आणि मी, मी खुर्ची आणायला गेलो. ही खुर्ची. दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात इथे कोण होतं? तो नुकताच खालून सरकत बाहेर आला होता. कपडे झटकत होता. डावा हात पँटला पुसत होता, मी म्हटलं घाम असेल. घाम! डोळ्याला नाही दिसलं, पण बोटाला ओल कळली असणार त्याला. बोटाला कळतंच. कळलं आणि वर ओरडला, कोरडं आहे, बाबा.

आणि फरशी कशाला पुसतोय तो? पाऊण तास? मी तुम्हाला कौतुकानं दाखवलं! आठ वर्षांत कधी पोतं हातात घेतलं नाही त्यानं. जगाच्या मागे दोन-दोन बस बदलून जाणारा मी, आणि काखेत कळसा, गावाला वळसा. त्याच्यावर संशय घेत होतो तेव्हा तो बिचारा डोळ्यांत औषध घालून बसला होता, आणि ज्या दिवशी घ्यायला हवा होता त्या दिवशी मी खुर्ची आणायला गेलो!

नाही, तुम्ही हात नका लावू. माझं काम आहे ते. मीच उघडतो. घट्ट बसवलीय, चांगलीच पिळलीय. …हं. बघा आता. लिहा. चौदा. साडेबारा. थांब ना गं — बारा. अकरा. अकरावर थांबली. एवढं पाणी गेलंय मॅडम, आणि आपण इथे गप्पा मारत होतो. मीच मारत होतो.

नाही, पुढच्या आठवड्यात परत या असं नाही म्हणणार मी. म्हणायचं होतं, खोटं कशाला बोलू. जिभेवर आलं होतं. लिहा तुम्ही. नऊ दहाला पंधरा, नऊ पंचावन्नला अकरा, नापास. खालचा जोड कुणी बघितला — वेल्डरनं. त्याला कुणी पाठवलं — मी. त्याला दिसत नाही हे ठाऊक असून पाठवलं का — हो. नाही, ‘हो’ एवढंच लिहा, कारण-बिरण नको, कारणं मला पुष्कळ सुचतात. याच्यासाठी रकाना नाही? मग कडेला लिहा. आणि माझी सही आत्ता घ्या, इथेच, उभ्या उभ्या. दुपारपर्यंत माझं मन फिरेल. मी सांगतो ना, माझ्यावर विश्वास ठेवू नका.

त्याचं नाव मोठ्या अक्षरात नका लिहू. …लिहा, लिहा. लिहावंच लागेल तुम्हाला.

येतोय तो इकडे. चावीचा आवाज ऐकला असेल, त्याचे कान माझ्यासारखेच आहेत. त्याला इथून सुई दिसत नाही, माझं तोंडही दिसत नाही. मलाच सांगावं लागणार सगळं, जिन्यापासून. तुम्ही जा आता, मॅडम. नाही, तुमच्यासमोर नाही. ती खुर्ची राहू दे, त्याला बसायला लागेल. जा म्हटलं ना.